आण्णांच्या डोळ्याचा डॉप्लर

छाटणीचं लिहा म्हणून बरेच मेसेज आलेत, ते पुढच्या वेळी. आज डोळ्याचं लिहितो. आपल्यात शुगरवाले कमी नाहीत, आणि आण्णांच्या निमित्तानं जे बघितलं ते ड्रिपवाल्या माणसाला लगेच कळेल असं आहे.

आण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. शुगरला 14 वर्षं झाली. चष्मा लावला की औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचायचे, म्हणून डोळे तपासू म्हटलं की "मला दिसतंय की सगळं" हे ठरलेलं उत्तर. गेल्या महिन्यात डाव्या डोळ्यापुढं काळी जाळी आली, चार दिवसांत सगळं धुरकट. डॉक्टर म्हणाले, पडद्यावरची नाजूक रक्तवाहिनी फुटून आत रक्त सांडलंय, त्यामुळं मागचा पडदा दिसत नाही. विहिरीचं पाणी गढूळ झालं की तळ दिसत नाही, तसंच. मग तळ बघायला सोनोग्राफी.

डोळा मिटायचा, पापणीवर जेल लावायचं, त्यावर प्रोब अलगद टेकवायचा. सुई नाही, दुखणं नाही. दाबायचं मात्र नाही, दाबलं तर आतला प्रवाहच बदलतो. पडदा जागेवर होता. जीव भांड्यात पडला. मग त्यांनी रंग चालू केला आणि काळ्या चित्रात डोळ्याच्या मागं लाल-निळी रेघ शेजारी शेजारी उमटली. प्रोबकडं येणारं रक्त लाल, लांब जाणारं निळं. शुद्ध-अशुद्ध रक्ताचा रंग नव्हे तो, नुसती दिशा.

हे चालतं कसं? एसटी हॉर्न वाजवत जवळ येते तेव्हा आवाज बारीक, पुढं गेली की जाड. हा नियम डॉप्लर नावाच्या शास्त्रज्ञानं 1842 मध्ये प्राग शहरात मांडला, तोही ताऱ्यांच्या उजेडाचा विचार करताना. इथं तारे नाहीत, धावत्या रक्तपेशींवरून परतणारा आवाज आहे, आपल्या कानाला न ऐकू येणारा. त्यातल्या फरकावरून वेग निघतो.

पडद्याच्या मुख्य धमनीत ठोक्याच्या वेळी वेग समजा सेकंदाला 10 सेंटीमीटर आणि दोन ठोक्यांच्या मध्ये 3. दहातून तीन गेले सात, भागिले दहा, म्हणजे 0.70. याला रोध निर्देशांक म्हणतात. पुढच्या बारीक नळ्या आखडल्या की मधल्या वेळचा प्रवाह आधी मंदावतो. तीनाचे दोन झाले की आकडा 0.80. शुगरच्या पेशंटमध्ये हा आकडा बऱ्याचदा चढलेला सापडतो. प्रोब थोडा तिरका धरला तर दहाचे आठ दिसतील आणि तीनाचे 2.4, पण भागाकार तोच राहतो. हे मला फार आवडलं.

आण्णांचा उजवा 0.74, डावा 0.79. मी विचारलं, मग किती रक्त कमी पोचतंय? डॉक्टर म्हणाले, ते यातून सांगता येत नाही. नळी इतकी बारीक की तिची रुंदी या मशीनवर नीट मोजता येत नाही, त्यामुळं वेग कळतो, माप कळत नाही. आपण ड्रिपरखाली पेला धरून मिनिटाला किती पाणी पडतं ते बघतो, तसा पेला इथं नाही.

आणि खरी गोम पुढं आहे. शुगरचा बिघाड सुरू होतो तो केसापेक्षा बारीक वाहिन्यांत. तिथं फुगवटे येतात, गळती होते. डॉप्लरला त्या दिसतच नाहीत. म्हणजे हा तपास मेन आणि सबमेनचा, बिघाड ड्रिपरला. म्हणून कुणी "डॉप्लर नॉर्मल आहे" म्हणून निर्धास्त करत असेल तर ऐकू नका. शुगर निघाली त्या वर्षापासून, म्हणजे टाइप 2 वाल्यांनी, वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्यायचाच, दिसत असलं तरी. थेंबानंतर काही तास उजेड सहन होत नाही, जवळचं दिसत नाही, तेव्हा मोटारसायकल घेऊन एकटे जाऊ नका.

डॉप्लरचा उपयोग नाही असं नव्हे. दोन डोळ्यांत फार तफावत निघाली तर मानेतली मोठी रक्तवाहिनी तपासायची वेळ येते. आण्णांची तफावत तेवढी नव्हती. उजव्या डोळ्याचा पडदा मात्र थेंब घालून बघितला तर तिथंही गळती सुरू झालेली. ज्या डोळ्यानं ते बाटली वाचायचे, तो हा.

आता उजव्याला लेसर ठरलंय, डाव्यातलं रक्त विरतंय का ते बघून पुढचं. तीन महिन्यांची शुगर, बीपी आणि तंबाखू यांवर डॉक्टर आकड्यापेक्षा जास्त बोलले. तंबाखूची पुडी वहिनींनी त्याच दिवशी चुलीत घातली. लेसरची तारीख नेमकी छाटणीच्या आठवड्यात आलीय. मजूर सांगून ठेवलेत, ट्रॅक्टर मी बघतो, आण्णांना पुतण्या घेऊन जाईल.