उन्हाची राखण

वैशाखात खानदेशात पारा 45 अंशांकडे धावतो. भर दुपारी जुन्या वडा-चिंचांवर उलटी टांगलेली मोठी वटवाघळे पंख हलवत स्वतःला वारा घालत असतात. एखाद्याला झेपत नाही, ते गळून पडते. या उन्हाला शिव्या देतच आम्ही लहानाचे मोठे झालो. तरी वटवाघळांच्या जमातीवरचे एक मरण त्याने इथून लांब ठेवले आहे.

2006 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातल्या हाउज गुहेत हिवाळी झोपेतल्या वटवाघळांच्या नाकांवर पांढरी बुरशी दिसली. तिला गारवा लागतो. 20 अंशांपुढे ती वाढत नाही. झोपेत थंड पडलेल्या अंगावर ती पसरते आणि त्या जिवाला पुन्हापुन्हा जागे करते. प्रत्येक जागेपणी साठवलेली चरबी जळते. बाहेर बर्फ, किडा एकही नाही. 2012 पर्यंत निदान 57 लाख वटवाघळे अशी उपाशी गेली, असा अंदाज होता.

हीच बुरशी युरोपातल्या वटवाघळांवरही असते, पण तिथे असे ढीग पडत नाहीत. तो सहवास जुना असावा. ती समुद्रापार गेली कशी? संशय गुहा धुंडाळणाऱ्या कुणाच्या चिखलाच्या बुटांवर आहे. पुढे वटवाघळांनीच ती एकमेकांना दिली. 2016 मध्ये ती थेट पश्चिमेच्या वॉशिंग्टन राज्यात उगवली.

अजिंठा-पितळखोऱ्याच्या उबदार काळोखात तिचा निभाव लागणे अवघड. पण प्रश्न तेवढ्यावर मिटत नाही. मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वटवाघळांचे नमुने घेतले. त्यांत निपाह विषाणूची प्रतिपिंडे सापडली. इथे सारे उलटे: वटवाघूळ धडधाकट, धोका माणसाला. अशी बातमी आली की वडाकडे बघणाऱ्यांची नजर बदलते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही फळे खाणाऱ्या वटवाघळांना उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवींत बसवले होते. 2022 च्या दुरुस्तीने ती यादी गेली.

यावल-शिरपूरकडच्या सातपुड्यात मोहाच्या बिया रातोरात दूर नेऊन टाकणारी हीच मंडळी. त्यांनी उष्टावलेले फळ खाऊ नये, गुहेतून आल्यावर बूट धुवावेत, त्यांच्या मुक्कामाचे झाड तोडू नये. बसते झाड गेले, की बिथरलेला थवा आपल्याच बागांत आणि घरांजवळ आसरा शोधतो. ऊन बुरशीपासून राखण करील. ही एवढी राखण आपल्या वाट्याची.