कुजबुजीची भाषा

मराठी समीक्षेने चित्रपटाकडे मुळात उशिरा आणि काहीशा संकोचाने पाहिले. त्यातही 'मुलांचा' म्हणून बाजूला सारता येईल अशा चित्रपटाकडे तिने जवळजवळ पाहिलेच नाही. वस्तुतः आपल्याकडील चित्रपटाचा आरंभ अशाच एका नवलातून झाला. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याचे रोप दिवसेंदिवस टिपत 'अंकुराची वाढ' हा लघुपट सिद्ध केला. डोळ्याला कधीच न दिसणारी वाढ पडद्यावर दिसू लागली, आणि ती पाहणारा प्रौढ क्षणभर मूल झाला. पुढे फाळके यांनी आगकाड्याही नाचवल्या, आणि १९३० च्या दशकात प्रभातने 'जंबू काका' हा कार्टूनपट केला. त्यानंतर मात्र हा धागा इतका विरळ झाला, की 'प्रभो शिवाजी राजा' हा पूर्ण लांबीचा मराठी ॲनिमेशनपट येण्यास २०१८ साल उजाडावे लागले. मधल्या काळातील मराठी मुलांनी आपली पडद्यावरची स्वप्ने परभाषेतच पाहिली. पुण्या-मुंबईच्या मुलाला निदान रस्त्यावर मराठी ऐकू येत असे. बेंगळुरूच्या मराठी मुलाच्या वाट्याला तेही नव्हते.

अशा मुलांच्या शेजारच्या खुर्चीत बसून आयुष्यभर हे चित्रपट पाहिलेले एक गृहस्थ बेंगळुरूत आहेत. १९६५ च्या सुमारास ते बेळगावहून तेथे आले, सार्वजनिक क्षेत्रातील एका कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले, आणि आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. साहित्यिक म्हणून त्यांचे नाव कोठे नाही. चित्रपट पाहून आल्यावर वहीत चार ओळी लिहायच्या, एवढाच त्यांचा व्यासंग. पण या वह्यांतून आस्वादाची एक सुसंगत दृष्टी दिसते, आणि ती पुष्कळशा छापील परीक्षणांपेक्षा प्रामाणिक आहे.

शहाजीराजांच्या जहागिरीपासून बेंगळुरूत मराठी नांदते आहे. परंतु नांदणे आणि घराबाहेर ऐकू येणे यांत अंतर आहे. या गृहस्थांच्या घरात मराठी, गल्लीत कन्नड, कारखान्यात कन्नड, तमिळ आणि इंग्रजी, अशी विभागणी होती. रविवारी मुलीला घेऊन ते महात्मा गांधी रस्त्यावरच्या 'प्लाझा'त किंवा ब्रिगेड रस्त्यावरच्या 'रेक्स'मध्ये जात. पडद्यावर इंग्रजी चाले. मुलीला ते अर्धे कळे, आणि उरलेले अर्धे वडील तिच्या कानाशी वाकून मराठीत सांगत. पुढच्या रांगेतील कोणी वळून पाही, तेव्हा आवाज आणखी खाली जाई. हे शब्दशः भाषांतर नसे. 'राजाचा भाऊ आहे, पण पोटात पाप आहे' असे एक वाक्य पाच संवादांचे काम करी. हॅरी पॉटरच्या पहिल्या चित्रपटाच्या वेळी तत्त्वज्ञाचा दगड म्हणजे काय, असा प्रश्न शेजारच्या पुतण्याकडून आला आणि उत्तर गेले, 'परीस रे, परीस'. त्या कथेच्या मराठी पुस्तकावरही पुढे 'परीस' हाच शब्द छापून आला, याचा त्यांना अभिमान वाटे.

या कुजबुजीला एक सामाजिक कारण होते, आणि ते तितकेसे गोड नाही. १९६० च्या दशकापासून कन्नड चित्रपटसृष्टीने परभाषेतील चित्रपट कन्नडमध्ये ध्वनिमुद्रित करून दाखवण्यास विरोध केला. तमिळ, तेलुगू आणि हिंदीच्या रेट्यापुढे आपला चित्रपट टिकावा, आपल्या कलावंतांना काम मिळावे, ही त्यामागील भूमिका समजण्यासारखी होती. परंतु तिची किंमत मुलांनी मोजली. २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने या अडवणुकीविरुद्ध निर्णय दिला. तरी २०१९ चा 'द लायन किंग' भारतात इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ आणि तेलुगूतच बोलला. कर्नाटकाच्या राजधानीतील कन्नड मुलाला सिंहाच्या छाव्याचे दुःख शेजाऱ्यांच्या भाषेत समजून घ्यावे लागले. या गृहस्थांनी त्या संदर्भात वहीत लिहिले आहे, की आपल्या मागच्या रांगेतही कोणी आजी नातवाला कन्नडमध्ये गोष्ट सांगत होती, आणि तिचे सांगणे आपल्यापेक्षा सरस होते. स्वतःच्या भाषेच्या उणिवेचे दुःख बाळगणाऱ्याला शेजाऱ्याच्या भाषेची उणीव दिसणे, ही सीमाभागातून आलेल्या माणसाच्या बाबतीत लहान गोष्ट नव्हे.

त्यांच्या आवडीनिवडीचा कणा मृत्यू हा आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. अद्भुताचा भुलभुलैया त्यांना रुचतो. १९५७ च्या तेलुगू 'मायाबझार'मध्ये एस. व्ही. रंगाराव यांच्या घटोत्कचाच्या मुखात लाडू आपोआप उडत जातात, ते दृश्य त्यांनी कितीदा पाहिले याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी त्यांना कीर्तनात ऐकलेले वत्सलाहरणाचे आख्यान आठवते. पण नुसत्या अद्भुतावर त्यांचा विश्वास नाही. मुलांसाठीचा चित्रपट खरा की खोटा, हे त्यात कोणी दगावते तेव्हा दिग्दर्शक काय करतो यावरून ते ठरवतात. १९४२ च्या 'बांबी'त पाडसाची आई मरते, पण ती मरताना दिसत नाही. बंदुकीचा आवाज येतो, आणि मग बर्फात एकटे पाडस तिला हाका मारत फिरते. संस्कृत नाट्यपरंपरेने रंगभूमीवर मृत्यू दाखवणे वर्ज्य मानले. तिचे औचित्य डिस्नेच्या चित्रकारांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्यांचा हात त्याच ठिकाणी थांबला. १९९४ चा 'द लायन किंग' याउलट मृत बापाच्या पंजाखाली शिरणारा छावा दाखवतो. हे दृश्य त्यांना हलवून गेले, पण थोड्याच वेळात चिंता सोडून देण्याचे गाणे सुरू होते, हे त्यांना अखेरपर्यंत पटले नाही. त्यांच्या मुलीचे मत वेगळे होते. मूल रडून झाल्यावर लगेच खेळायला जाते, म्हणून ते गाणेच खरे, असे तिने तेव्हा वडिलांना सुनावले होते. वहीत हे मत नोंदवलेले आहे. त्याखाली उत्तर लिहिलेले नाही. या वादात मुलीची बाजू अधिक बळकट आहे.

२०१४ च्या 'कोचडैयान'विषयी त्यांनी फार थोडे लिहिले. बेंगळुरूत मराठी घरात जन्मलेला, याच शहराच्या बसमध्ये कंडक्टर असलेला रजनीकांत आपल्या मुलीच्या दिग्दर्शनाखाली संगणकाने घडवलेल्या देहातून अवतरला, म्हणून ते मोठ्या अपेक्षेने गेले. यंत्राने हालचाल टिपली आणि नजर सुटली, असा त्यांचा अभिप्राय आहे, आणि त्यात भर घालण्याजोगे काही नाही.

हायाओ मियाझाकी यांचा 'स्पिरिटेड अवे' हा २००१ चा जपानी चित्रपट त्यांनी बराच उशिरा, घरी, नातीबरोबर पाहिला. त्यातील चेटकीण कामावर ठेवताना मुलीच्या नावातली अक्षरे काढून घेते; चिहिरोची 'सेन' होते, आणि खरे नाव विसरले तर घरची वाट कायमची बंद होणार असते. नातीचेही शाळेत एक तोडके नाव पडले होते, इंग्रजी वळणाचे. तिच्या मैत्रिणी घरी येत तेव्हा आजोबांना प्रथम कळतच नसे, की त्या कोणाला हाक मारताहेत. चित्रपट संपल्यावर नातीने विचारले, 'आबा, माझं पूर्ण नाव कोणी ठेवलं?' पणजीने, असे उत्तर मिळाले. पुढे बराच वेळ त्या पणजीविषयी, बेळगावच्या घराविषयी बोलणे चालले. उपदेशाने हे साधले नसते, ते एका चेटकिणीने साधले.

परंतु या वह्यांचे सर्वांत दाट पान २०१७ च्या 'कोको'चे आहे. मेक्सिकोतील एक मुलगा मृतांच्या लोकात जातो. तेथे नियम असा, की पृथ्वीवर जोवर कोणी आठवण काढते तोवर मृताला अस्तित्व. शेवटची आठवण पुसली, की तो तेथूनही नाहीसा होतो. घरातील वेदीवर पूर्वजांची छायाचित्रे, त्यांच्या आवडीचे पदार्थ, आणि त्यांना वाट दाखवण्यासाठी केशरी फुलांच्या पाकळ्या. पितृपक्षात पान वाढून कावळ्याची वाट पाहिलेल्या माणसाला यातील काहीच परके वाटण्यासारखे नव्हते. पाकळ्यांचा तो लांबच लांब पूल पडद्यावर उजळला, तेव्हा ते नऊ वर्षांच्या नातीच्या कानाशी वाकून एकच शब्द बोलले, 'झेंडू'. तिला कळले नाही. शाळेत तिने त्या फुलाचे इंग्रजी नाव शिकले होते, आणि कृष्णराजेंद्र बाजारात ढिगाने मिळते ते तिच्या लेखी कन्नडमधले 'चेंडु हूवु' होते. मराठीत चेंडू म्हणजे खेळायचा, आणि फूल झेंडूचे. कन्नडमध्ये दोन्हींना एकच शब्द पुरतो. मध्यंतरात हा खुलासा झाला. हे फूल मुळात मेक्सिकोचेच. तेथून ते सागरपार होत होत भारतात आले आणि दसऱ्याच्या तोरणात असे बसले, की ते परके होते हे कोणाला सांगूनही खरे वाटू नये.

चित्रपटाच्या अखेरीस विस्मरणात बुडालेल्या पणजीपुढे तो मुलगा गाणे म्हणतो आणि तिच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर ओळख उगवते. येथे कुजबुज थांबली. सांगण्यासारखे काही उरले नव्हते, असे त्यांनी लिहिले आहे. पण पुढच्याच ओळीत अधिक कठोर प्रश्न आहे. आपली आठवण ही मुलगी काढील, पण कोणत्या भाषेत? आणि त्या भाषेत आपण तिला दिसू, तो आपणच असू का? ज्यांची मुले प्रांताबाहेर किंवा देशाबाहेर वाढली, त्या सर्वांच्या मनात हा प्रश्न कधी ना कधी येतो. मराठी कथाकादंबरीने तो अनेकदा हाताळला. मात्र बहुधा तक्रारीच्या सुरात. या पानावर तक्रार नाही. त्याखाली नातीच्या हस्ताक्षरात, पेन्सिलीने, 'झेंडु' असा शब्द लिहिलेला आहे, दुसरे अक्षर ऱ्हस्व. त्यांनी तो दुरुस्त केलेला नाही.

पुढच्याच वर्षाअखेर 'रेक्स' बंद झाले. 'प्लाझा'ची जागा मेट्रोने त्याआधीच घेतली होती. आता चित्रपट मॉलमध्ये, किंवा घरी, जो तो आपल्या यंत्रावर, कानात बोंडे घालून पाहतो. हव्या त्या भाषेचे बटण दाबता येते, त्यामुळे शेजाऱ्याला विचारण्याची गरज उरत नाही. युगो साको, राम मोहन आणि त्यांचे जपानी सहकारी यांनी १९९२ मध्ये केलेला रामायणावरचा ॲनिमेशनपट जानेवारी २०२५ मध्ये भारतीय चित्रपटगृहांत पुन्हा झळकला, तेव्हा नात आजोबांना तो दाखवायला घेऊन गेली. त्यांना आता उजव्या कानाने फारसे ऐकू येत नाही. ती त्यांच्या डाव्या बाजूला बसली, आणि जेथे संवाद निसटले तेथे वाकून सांगत राहिली. मराठीत, मध्येच एखादा कन्नड शब्द, कुठे इंग्रजी. पुढे कोणी वळून पाहिले तेव्हा तिनेही आवाज खाली नेला. त्या दिवशीच्या नोंदीत हनुमानाच्या उड्डाणातील ढगांच्या रंगाविषयी दीड पान आहे, आणि कुंभकर्ण जागा होतो ते दृश्य उगाच लांबले, असा शेरा आहे.