कितीची रिंग देऊ?

सूनबाई मागे लागली होती, "आई, त्या ट्रकचं लिहा ना, तुम्हीच छान सांगाल." ट्रकवर लिहिण्याएवढी माझी पात्रता नाही. मी आपली मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई. पण कुकरची रिंग आयुष्यभर घेत आले आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करते.

साताऱ्याला मोती चौकाजवळ रिंग घ्यायला गेलं की दुकानदार विचारायचा, "कुठल्या कंपनीचा कुकर? किती लिटरचा? झाकण आतलं की बाहेरचं?" आणि मग जरा आवाज खाली आणून, "कंपनीची देऊ की साधी?" लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात मी नुसत्या नजरेच्या अंदाजाने साधी रिंग आणली. शिट्टी काही होईना, सगळी वाफ कडेने फुसफुसत बाहेर आणि डाळ कच्चीच. हे हसले आणि म्हणाले, "जुनी रिंग सोबत न्यायची असते, मास्तरीणबाई." तेव्हापासून तो आमच्या घरचा नियमच झाला. नळाचा वॉशर असो, मिक्सरचं कपलर असो, जुनं हातात घेऊनच दुकानात जायचं. ह्यांना जाऊन आता काही वर्षं झाली, पण नियम चालू आहे.

तर २०२४ च्या ऑक्टोबरात मी ओहायोला धाकट्या चिरंजीवांकडे होते. घरात वातावरण जरा जड होतं. जुलैत त्याची नोकरी गेली होती. हप्त्याची नवी गाडी विकून टाकली होती. राहिला होता तो बागकामासाठी, लाकडं-माती आणायला म्हणून जुन्या बाजारात घेतलेला ट्रक. (आपला माल वाहणारा ट्रक नव्हे बरं का. पुढे मोटारीसारखं, मागे उघडा हौदा. तिकडे त्यालाच ट्रक म्हणतात.) २००५ सालची शेव्हर्ले सिल्व्हराडो. नवी नोकरी मिळाली होती, पण साठ मैलांवर, म्हणजे एका बाजूला जवळजवळ शंभर किलोमीटर. सोमवारी रुजू व्हायचं. आणि आदल्या आठवड्यात ट्रकने रंग दाखवला. सकाळी गिअर 'डी'वर टाकला की दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग एकदम धक्का देऊन निघायचा.

एका गॅरेजवाल्याने पाहून सांगितलं, गिअरबॉक्सच बदला. काही हजार डॉलरचा मामला. त्या रात्री जेवताना मी म्हटलं, "माझी एफडी आहे ना रे, मोडते." चिरंजीव ताडकन म्हणाले, "आई, प्लीज. पैशाचा विषय नको." आणि पान अर्धवट टाकून उठला. मला फार लागलं. रात्रभर वाटत राहिलं, मी काय चुकीचं बोलले?

शनिवारी सकाळी शेजारचे आजोबा आले. (आजोबा म्हणते, पण माझ्याच वयाचे.) उभी हयात ट्रकच्या गॅरेजमध्ये गेलेली. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळतं, पण हातवाऱ्यांनी पुष्कळ समजतं. त्यांनी डिपस्टिक काढली आणि पांढऱ्या कागदावर तेलाचा थेंब टाकला. लाल असेल तर उत्तम. तपकिरी म्हणजे जुनं झालेलं. दुधाळ गुलाबी म्हणजे पाणी शिरलंय. आणि काळं होऊन करपल्याचा वास आला तर आतल्या क्लचच्या चकत्या जळल्या, मग कुठलाही नवा पार्ट घालून उपयोग नाही. आमचा थेंब तपकिरी होता. वास घ्यायला कागद माझ्याकडे आला. पन्नास वर्षं फोडण्या घातलेलं नाक आहे, करपलेलं तेल मला दारातून कळतं. म्हटलं, "करपलेलं नाही." आजोबांनी मान डोलावली. म्हणाले, आधी खालचं ताट उतरवा, फिल्टर आणि तेल बदला, मग बघू.

आता थोडं शिकवते, सवय जात नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पोटाखाली पत्र्याचं ताट असतं, मी त्याला परात म्हणते. त्यात तेल साचतं. परातीत फिल्टर लोंबतो, त्याच्या तोंडातून पंप तेल वर खेचतो, आणि त्या तेलाच्या दाबाने आतले क्लच आवळले जातात. म्हणजे तेल नुसतं वंगण नाही, हाताची मूठ वळवणारा जोरही तेच. परात उतरवली की साधारण पावणेपाच लिटर तेल निघतं. सगळ्या गिअरबॉक्समध्ये मात्र साडेदहा लिटरच्या वर असतं, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं.

चिरंजीव शुक्रवारीच दुकानातून सामान घेऊन आला होता. तिथे गाडीचा सतरा अक्षरांचा नंबर विचारतात. त्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून. मला हे फारच आवडलं. मुलांच्या उत्तरपत्रिका तपासताना हा शहाणपणा कुणी केला असता तर माझा चष्म्याचा नंबर कमी वाढला असता!

मग चिरंजीव ट्रकखाली गेला आणि मला टॉर्च धरायला बसवलं. सोळा बोल्ट निघाले. परात खाली आली, तेलाचा लाल-तपकिरी थर, आणि तळाशी एक गोल लोहचुंबक. त्यावर राखाडी गाळ. आजोबांनी तो बोटांत चोळला. मऊ चिखल असेल तर ती झीज, वयाने होणारच. चमकणारे कण, तुकडे सापडले तर काळजी. आमचा चिखलच होता. चुंबक पुसून परत जागच्या जागी.

जुना फिल्टर निघाला. मी सवयीने तो नव्याच्या शेजारी ठेवला आणि पोटात धस्स झालं. नवा चांगला उंच होता! मापच वेगळं. चिरंजीव खालून बाहेर येऊन बघतो तर त्याचाही चेहरा पडला. "दुकानवाल्याने चुकीचा दिला. जुना घेऊन जातो आणि तसाच आणतो." तो गाडी मागायला शेजारी निघालाही होता.

ह्यांचा नियमच तो. जुनं सोबत न्यायचं. पण मला उगीच शंका आली. मी विचारलं, "अरे, पण जुना बरोबर होता कशावरून?"

चिरंजीव माझ्याकडे बघत राहिला. आजोबांना भाषांतर करून सांगितलं तर ते मोठ्याने हसले. या गिअरबॉक्सला दोन प्रकारच्या पराती येतात म्हणे, उथळ आणि खोल, आणि प्रत्येकीचा फिल्टर वेगळा. नंबरावरून गाडी कळते, पण मधल्या वीस वर्षांत कुणी कुठे काय बसवलं ते नंबर कसं सांगणार? म्हणून पेटीवर काय लिहिलंय त्यापेक्षा भांडं मोजा.

नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी आणली. परातीची खोली मी मोजली. चिरंजीवाने खाली जाऊन दोन्ही फिल्टर आळीपाळीने वर टेकवले आणि ते काठाच्या किती खाली उतरतात ते ओरडून सांगितलं. मी वहीत वजाबाकी मांडली. जुना फिल्टर तळापासून चांगला बोटभर वर राहत होता. नवा बरोब्बर तळालगत. म्हणजे आमची परात खोल, आणि आधी कुणीतरी उथळाचा फिल्टर बसवून ठेवला होता. तेल जरा कमी झालं, गाडी चढावर असली की त्याच्या तोंडात तेलाऐवजी हवा. मग क्लचची मूठ वळणार कशी? आजोबा म्हणाले, धक्क्याचं हे एक कारण नक्की असणार. एकमेव आहे असं मात्र ते म्हणाले नाहीत, आणि ते मला बरं वाटलं.

गॅस्केटचं उलटंच झालं. फिल्टरच्या पेटीत नवं बुचाचं गॅस्केट आलं होतं. जुनं रबराचं, आत पोलादाची पट्टी असलेलं. चिरंजीव नवं लावायला निघाला तर आजोबांनी हात धरला. जुनं कुठे फाटलेलं, दबलेलं नव्हतं. ते पुन्हा वापरता येतं, आणि बुचापेक्षा चांगलं बसतं. बुचाचं जास्त आवळलं की पिचतं आणि गळायला लागतं. स्वच्छ पुसून जुनंच लावलं. फिल्टरच्या मानेची रबरी रिंग मात्र बदलली. जुनी रिंग वरच्या भोकात चिकटून राहते, ती न काढता नवी ठोकली तर फिल्टर पक्का बसत नाही. ती हलक्या हाताने, भोकाला ओरखडा न पाडता काढायची.

ती काढतानाच ते झालं. चिरंजीव पाठीवर पडलेला, हात वर, आणि माझा टॉर्च जरा हलला. खालून आवाज आला, "उजेड कुठे पाडतेयस, आई!"

आणि मग खाली एकदम शांतता.

आमच्या घरात हे वाक्य ह्यांचं. मिक्सर, पंखा, स्कूटर, काहीही उघडून बसले की टॉर्च धरायला आठ वर्षांचा धाकटा, आणि दर पाच मिनिटांनी, "उजेड कुठे पाडतोयस रे!" तो रडवेला व्हायचा, पण जागचा हलायचा नाही. थोड्या वेळाने ट्रकखालून हसण्याचा आवाज आला. मीही हसले. मग दोघांनीही जरा नाकं पुसली, थंडी फार होती.

शेवटचा प्रश्न तेलाचा. गाडीच्या पुस्तकात डेक्स्रॉन तीन लिहिलेलं, आणि दुकानातून आणलेल्या बाटल्यांवर डेक्स्रॉन सहा. मी पुन्हा शंका काढली. आजोबा म्हणाले, इथे मात्र पुस्तक जुनं आहे. जनरल मोटर्सने सहा नंबरचं तेल २००५ साली आणलं, तीनचे परवाने २००६ अखेर संपले, आणि सहा हे तीनच्या जागी चालतं असं कंपनीचंच म्हणणं आहे. 'सगळ्या गाड्यांना चालणारं' तेल स्वस्त मिळत होतं, ते चिरंजीवाने घेतलं नव्हतं. क्लचच्या चकत्या किती घसराव्या आणि किती धराव्या हे तेलावर ठरतं, तिथे काटकसर नको.

बोल्ट समोरासमोरचे घेत, थोडे थोडे करून आवळले, ११ न्यूटन-मीटरला. एवढा कमी जोर, की आपल्याला वाटतं अजून फिरवावं. तेल भरलं, इंजिन चालू ठेवून, गरम झाल्यावर, सपाट जागेवर पातळी पुन्हा पाहिली.

सोमवारी पहाटे चिरंजीव निघाला. खिडकीतून बघत होते. ट्रक क्षणभर थांबला, आणि मग धक्का न देता हलला. कडाक्याच्या थंडीत अजूनही जरा विचार करतो म्हणे, पण हा मजकूर लिहीपर्यंत तरी चालतो आहे. एफडी मोडावी लागली नाही.

त्या रात्रीच्या माझ्या बोलण्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. मी प्रेमानेच देत होते, पण माप न बघता. त्याला तेव्हा पैसे नको होते, टॉर्च धरायला कुणी हवं होतं. पन्नास वर्षं वर्गात मुलं बघूनही हे मला कागदावर वजाबाकी करावी तसं उशिरा उमगलं.

असो. फार लांबलं. साताऱ्याला परतल्यावर पहिलं काम काय केलं असेल? कुकरची रिंग बदलली. जुनी सोबत नेली होतीच, पण झाकणही पिशवीत घातलं. दुकानदार म्हणाला, "बाई, झाकण कशाला आणलंत?"

म्हटलं, "असू दे रे. मोजून बघू."