तुंबलेली लाईन

डस्ट कलेक्टरची लाईन तुंबली की ब्लोअरची मोटर दमेल, आवाज जड होईल, असं नव्या पोरांना वाटतं. होतं उलट. पंख्याला ओढायला हवाच उरत नाही, भार उतरतो आणि आवाज चढतो, पातळ होतो. तो कानावर आला की मी आधी रंधा मशीन बंद करतो. अर्धा मिनिट जरी चालू राहिलं तरी ढलप्या आणखी ठासून बसतात.

मग ब्लोअरची पिन काढायची आणि पाइपवर लाकडी ठोकळ्याने हलके ठोके देत पुढे सरकायचं. रिकामा पाइप खणखणतो, भरलेला बद्द वाजतो. तिथला क्लॅम्प सोडला की आत सागाच्या लांब ढलप्यांचा घट्ट बोळा दिसतो. पावसाळ्यात तर तो ओलसर असतो. सळई घालून पुढे ढोसलं तर तो जास्तच आवळतो. आला त्याच बाजूने, हुकाने सैल करत मागे ओढायचा. बहुतेकदा मधे एखादी चपटी काडी आडवी अडकलेली असते आणि बाकीचा पसारा तिच्यावर चढलेला. ती सुटली की सगळं हातात येतं.

पण बोळा नेमका तिथेच का बसला, हे मला कळायला हवं असतं. भुसा वाहून न्यायला हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर लागतो. मशीनचा पाइप ४ इंची, मुख्य लाईन ६ इंची आणि मशीनच्या पाइपांवरच्या हवा अडवणाऱ्या गेटांपैकी एकच उघडं. हवा तेवढीच, पण जागा सव्वादोनपट. वेग ९ मीटरवर येतो. भुसा तळाला बसत जातो आणि उभ्या पाइपच्या पायथ्याशी साचतो. बाकीची गेटं बंद केल्यावर ओढ वाढते खरी, पण मशीनच्या तोंडाशी. म्हणून ब्लोअरला दम असेल तर लाईनच्या टोकाचं एक गेट मी उघडं ठेवतो.

पाइप उघडताना मास्क हवाच. ढलप्यांची भीती नाही. बोळ्यामागे अडलेली सँडिंगची पिठासारखी धूळ हवेत तरंगत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५च्या अहवालात लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. आधीच्या पिढीतल्या मिस्त्रींनी नाकाला रुमालही न बांधता उभं आयुष्य या धुळीत काढलं, त्यांचा खोकला मी ऐकलेला आहे. लाईन मोकळी होईपर्यंत आमच्याकडे रंधा चालत नाही, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.