मागे घेतलेले शब्द

दिवाळीच्या आवराआवरीत यंदा जुन्या ट्रंकेतून माझेच एक पत्रक निघाले. कॉलेजात असताना अमरावतीस छापलेले. भाषा अशी, की वाचणाऱ्याचे कान तापावेत! सौ. म्हणाली, "घाला ना बंबात." मला मात्र सय्यद इमाम अल-शरीफ आठवला.

हा इजिप्तचा शस्त्रवैद्य. 'डॉक्टर फदल' म्हणून ओळखला जाई. १९८८ साली त्याने जिहादच्या तयारीवर ग्रंथ लिहिला. अल-कायदाच्या छावण्यांत तो पाठ्यपुस्तकासारखा चालला. २००१ मध्ये येमेनात पकडला गेला. पुढे इजिप्तच्या तुरुंगातून २००७ साली त्यानेच लिहिले, की निरपराधांची हत्या धर्मात बसत नाही. कैरोच्या वर्तमानपत्राने ते क्रमशः छापले. जुना सोबती ऐमान अल-जवाहिरी याने हिणवले: कोठडीत आता फॅक्सची यंत्रे बसली काय?

तुरुंगातला पश्चात्ताप कितपत खरा, हे तुम्ही-आम्ही काय सांगणार? पण पहिला ग्रंथ तोवर एकोणीस वर्षे हातोहात फिरला होता.

माझे पत्रक तर बडनेऱ्याच्या गाडीने एका रात्रीत अकोल्यास पोचले. तेथे एका दुकानावर दगड पडले, दुकानदाराच्या पोराचे कपाळ फुटले. मी घाबरून दुसरे पत्रक काढले, शांततेचे. त्याचा गठ्ठा तसाच घरी परत आला.

महिन्याने त्या दुकानात गेलो. सारे सांगून टाकायचे ठरविले होते. चाचांनी चहा मागविला. "बैठो बेटा," म्हणाले. पोरगा गल्ल्याशी बसला होता. कपाळावर टाक्यांची खूण.

मी दोन वह्या विकत घेतल्या आणि स्टेशनची वाट धरली.