कच्ची वही, पक्की वही आणि आमचा राउटर



चातुर्मास सुरू झाला की माझ्याकडून भाजणीचे प्रमाण, नाहीतर दशलक्षण पर्वाविषयी काहीतरी येणार, अशी तुमची अपेक्षा असते. तेही लिहीन. आजचा विषय मात्र घरातल्या एका डबीचा आहे. टीव्हीच्या वर नाहीतर जिन्याखाली हिरवे दिवे लुकलुकत असतात, ती डबी. राउटर. गेल्या वर्षभरात मी तो स्वतः चालवायला शिकले. तेही चित्रे-बटणे दाबून नाही, तर काळ्या खिडकीत एकेक आज्ञा टाइप करून.

धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "या वयात कशाला हा उपद्व्याप? मुलगा आहे की बघायला." हे वाक्य आमचे हे गेल्यापासून मी फार ऐकले आहे. दोन वर्षे झाली. मुदतठेवीच्या पावत्या, विजेचे बिल, दुकानाचे भाडे, घरपट्टी, सगळ्याला एकच उत्तर: मुलगा बघेल. मुलगा गुणी आहे, पण पुण्यात आहे आणि दिवसभर मीटिंगमध्ये असतो. आम्ही खुलताबादला. पावसाळ्यात इथे दिवसातून चारदा वीज जाते आणि श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला गर्दी लोटली की मोबाईलची रेंज मिळेनाशी होते. बँकेचा निरोप, भाड्याची रक्कम, डॉक्टरांचा रिपोर्ट, नातीचा चेहरा, हे सगळे त्या एका डबीतून घरात येते. म्हणजे तो आमच्या घराचा दुसरा उंबरठाच झाला. आणि उंबरठ्याची किल्ली घरात राहणाऱ्या बाईकडे नसावी, हे मला पटेना.

निमित्त घडले ते असे. पुढचे दुकान आम्ही भाड्याने दिले आहे. भाडेकरूने कॅमेरे बसवले आणि त्यांची वायर आमच्याच डबीला जोडली. बसवणाऱ्या मुलाला मी सहज विचारले, "याचा पासवर्ड काय ठेवलास?" तो म्हणाला, "काकू, नावही ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिन. सगळीकडे तेच ठेवतो, लक्षात राहतं."

सगळीकडे तेच! गावातल्या प्रत्येक घराला एकच कुलूप आणि एकच किल्ली असावी, तसे हे. माझ्या बहिणीचा मुलगा नेटवर्कच्या कामात आहे. त्याला फोन केला तेव्हा त्याने २०१६ सालची गोष्ट सांगितली. मिराई नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर फिरत होता. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती. घराघरांतल्या राउटरच्या आणि कॅमेऱ्यांच्या दारावर तो ती यादी एकामागून एक लावून पाहायचा. जे दार उघडेल, ते उपकरण त्याचे गुलाम. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा हजारो उपकरणांनी एकदम एका अमेरिकी कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेकांना कित्येक तास उघडेनात. ज्यांचे कॅमेरे यात वापरले गेले, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. पुढे ज्यांनी हा प्रोग्राम रचल्याची कबुली दिली, ती विशीतली पोरे होती.

आपण आस्रव आणि संवर लहानपणी पाठशाळेत शिकतो. नावेला छिद्र असेल तर आधी ते बुजवायचे, मग पाणी उपसायचे. मला ती नाव आठवली. भाच्याला म्हटले, "तू येऊन करून देऊ नकोस. मला शिकव."

तो येताना कार्यालयाने मोडीत काढलेला सिस्कोचा एक जुना, छोटा राउटर घेऊन आला, आणि सोबत फिकट निळ्या रंगाची एक चपटी केबल. तिला कन्सोल केबल म्हणतात. एक टोक राउटरला, दुसरे लॅपटॉपला. लॅपटॉपवर पुटी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम उघडायचा, वेग ९६०० ठेवायचा आणि एंटर दाबायचे. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे येतात. चित्र नाही, बटण नाही. मी विचारले, "यापेक्षा ते रंगीत पान बरे नव्हे का?" तो म्हणाला, "मावशी, रंगीत पानावर बनवणाऱ्याला जेवढे दाखवावेसे वाटले तेवढेच दिसते. इथे तू विचारशील ते दिसते. आणि इथली प्रत्येक आज्ञा वहीत उतरवून ठेवता येते." वही म्हटल्यावर माझे लक्ष लागले. १९८१ साली, तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठाची, मी बी.कॉम. झाले. पुढे नोकरी केली नाही, पण दुकानाच्या वह्या तीस वर्षे मीच लिहिल्या.

पहिला धडा पायऱ्यांचा. आत शिरल्यावर ओळीच्या शेवटी एक बाणाचे टोक दिसते. ही ओसरी. इथे बसून थोडेफार पाहता येते, बदलता काही येत नाही. 'इनेबल' लिहून पासवर्ड दिला की बाणाच्या जागी जाळीसारखी खूण येते. हे माजघर. इथे सगळे दिसते. आणि 'कॉन्फिगर टर्मिनल' लिहिले की आपण चौक्यात. इथे लिहिलेले प्रत्येक वाक्य त्याच क्षणी लागू होते. कोणत्या पायरीवर उभे आहोत हे ओळीची सुरुवात सतत सांगत असते. चौक्यात जाताना आपण जसे हातपाय धुऊन, लक्ष ठेवून जातो, तसेच इथे.

दुसरा धडा प्रश्नचिन्हाचा, आणि तो मला सर्वांत आवडला. काही आठवले नाही तर नुसते प्रश्नचिन्ह दाबायचे. पुढे कोणकोणते शब्द चालतील याची यादी समोर येते. शब्द चुकला तर जिथे चुकला बरोबर त्याच अक्षराखाली एक छोटी टोपी उमटते. रागावणे नाही, "तुम्हाला नाही कळायचं" नाही. साठी ओलांडलेल्या बाईला शिकवणारा इतका शांत गुरू मी पाहिला नाही.

मग राउटरला नाव दिले. रोमन अक्षरांत 'उंबरठा'. ओळीच्या सुरुवातीला लगेच ते नाव दिसू लागले. मला फार आनंद झाला. तेवढ्यात भाचा म्हणाला, "आता मागची वायर काढ." मी काढली. पुन्हा लावली. डबी जागी व्हायला दोन-तीन मिनिटे लागली आणि पाहते तर उंबरठा गायब, जुनेच नाव परत! त्याने मुद्दाम दाखवले होते. राउटरकडे दोन वह्या असतात. आपण बदल करतो तो चालू वहीत, 'रनिंग-कॉन्फिग'मध्ये. वीज गेली की ती पुसली जाते. दुसरी 'स्टार्टअप-कॉन्फिग'. ती विजेशिवाय टिकते आणि राउटर जागा होताना तीच वाचतो. पहिलीतले दुसरीत उतरवायचे तर स्वतः सांगावे लागते: 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग'.

म्हणजे कच्चा खर्डा आणि पक्की खतावणी! दिवसभर खर्ड्यात कितीही लिहा, रात्री दिवा मालवण्यापूर्वी खतावणीत उतरवले नाही तर वर्षअखेरीला त्याला किंमत नाही. मी हसले तर भाचा बघतच राहिला. त्याला वाटले मला कळले नाही.

इथे वेरूळ आठवते. आमच्या घाटाखाली, तीस ते चौतीस क्रमांकाची जैन लेणी. तिथल्या टेकडीवर पार्श्वनाथांची मूर्ती आहे, तिच्यावर शके ११५६ चा, म्हणजे इ.स. १२३४-३५ चा लेख आहे. मूर्ती करवणाऱ्या चक्रेश्वराचे नाव त्यात आहे. जवळपास आठशे वर्षे झाली. कोरून ठेवले म्हणून आज आपल्याला कळते. मनातल्या मनात केलेला चांगला विचार सगळ्यांकडेच असतो. उतरवून ठेवला तर टिकतो.

तिसरे काम घर वेगळे करण्याचे. दुकानाचे कॅमेरे, आमचे फोन आणि पाहुणे, सगळे एकाच पंगतीत बसले होते. आमच्याकडे वेरूळची लेणी बघायला, कचनेरला दर्शनाला जाणारे नातेवाईक सतत येतात, आणि हल्ली पाण्याच्या तांब्याआधी वायफायचा पासवर्ड मागतात. राउटरच्या आत एकाच घरात तीन चुली मांडता येतात. त्यांना व्हीलॅन म्हणतात. आम्ही घराला १०, दुकानाला २० आणि पाहुण्यांना ३० असे क्रमांक दिले. सगळ्यांना बाहेर जायला वाट मोकळी, पण एकमेकांच्या चुलीशी जाता येत नाही.

ही अडवणूक करते नियमांची यादी, 'ॲक्सेस-लिस्ट'. तिचे दोन स्वभाव लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला म्हणजे यादी वरून खाली वाचली जाते आणि जो नियम आधी लागू पडला, तिथेच वाचन थांबते. नातीला सांगून पाहा, "कोणीही आले तरी दार उघड. अनोळखी असेल तर उघडू नकोस." ती पहिलेच वाक्य ऐकून दार उघडेल. म्हणून आधी "पाहुण्यांकडून घराकडे नाही, दुकानाकडे नाही" लिहायचे आणि मग "बाकी सगळीकडे जाऊ दे".

दुसरा स्वभाव असा, की यादीच्या शेवटी एक न दिसणारी ओळ असते: जे वर लिहिलेले नाही, ते सगळे बंद. हे ऐकून मी म्हटले, अरे, हे तर आम्ही रोज सकाळी करतो! नियम घेताना आपण काय सोडले याची यादी करत नाही. आज दोन भाज्या, एक फळ, अमुक रस, एवढी सूट, बाकीचा त्याग. त्यागाची यादी करायला बसलो तर जन्म पुरणार नाही. सूट मोजता येते. भाच्याच्या पुस्तकात हा सुरक्षेचा मूळ नियम म्हणून छापलेला आहे.

आणखी एक आज्ञा सांगते. पुण्यात बसून भाचा कधी आमच्या राउटरला हात लावतो, तेव्हा आधी 'रीलोड इन १०' लिहितो. म्हणजे दहा मिनिटांनी स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू हो. बदल करताना वाट तुटलीच, तर दहा मिनिटांनी राउटर पक्की वही वाचून पूर्ववत होतो. सगळे नीट झाले तर 'रीलोड कॅन्सल' करायचे आणि मगच पक्क्या वहीत उतरवायचे. कामाला हात घालण्याआधीच परतीची वाट राखून ठेवणे, हे मला फार शहाणपणाचे वाटले.

दूरून शिरण्याचे दोन मार्ग असतात. टेलनेट हा जुना मार्ग म्हणजे पोस्टकार्ड, वाटेतला कोणीही पासवर्ड वाचू शकतो. एसएसएच म्हणजे बंद लिफाफा. आम्ही पोस्टकार्डाचा मार्ग बंद केला.

"हे पुरुषांचे काम" असे अजून कोणी म्हणत असेल तर सांगा, सिस्को ही कंपनी १९८४ मध्ये काढणाऱ्या दोघांपैकी एक बाई होती, सँडी लर्नर. ती आणि तिचा नवरा लिओनार्ड बोसॅक, दोघेही स्टॅनफर्ड विद्यापीठात वेगवेगळ्या विभागांतले संगणक सांभाळत होते. आणि नेटवर्कमध्ये निरोप गोल गोल फिरत राहू नयेत याची युक्ती, जी आजही जगभर चालते, १९८५ मध्ये शोधली रेडिया पर्लमन यांनी. त्याही बाईच.

तुम्ही सगळ्यांनी काळी खिडकी उघडावी असे मी म्हणत नाही. पण एवढे नक्की करा. राउटरचा, म्हणजे नुसत्या वायफायचा नव्हे, तर त्या डबीत शिरण्याचा पासवर्ड कोणता आहे ते विचारा. कारखान्याचा असेल तर आजच बदलून घ्या. बाहेरून डबीत शिरण्याची सोय चालू असेल आणि गरज नसेल तर बंद करायला सांगा. कॅमेरे आणि पाहुणे यांना वेगळे वायफाय मिळते का ते पाहा, बहुतेक डब्यांत 'गेस्ट' नावाची सोय असते. आणि जो कोणी दुरुस्तीला येईल, त्याने काय बदलले ते त्याच्यासमोर वहीत लिहून घ्या.

माझी वही कपाटात मुदतठेवींच्या पावत्यांशेजारी आहे. एका पानावर तीन चुलींचे क्रमांक, दुसऱ्यावर आज्ञा, लोणच्याच्या प्रमाणासारख्या, ओळीने. पासवर्ड त्यात नाही. तो बंद पाकिटात सुनेकडे आहे. मुद्दाम सुनेकडे. मुलगा म्हणाला, "माझ्याकडे का नाही?" मी म्हटले, "तू आहेसच बघायला. पण घर सांभाळणाऱ्या बाईला त्याची किल्ली माहीत असली पाहिजे."

मागच्या महिन्यात जाऊबाई आल्या होत्या. जाताना हळूच म्हणाल्या, "ती निळी केबल कुठे मिळते गं?"

जय जिनेंद्र.