चुन्यात शिजवलेला मका

मैत्रिणींनो, परदेशी पदार्थांचं पुस्तक हाती आलं की आपण आधी काय करतो? न मिळणाऱ्या जिनसांवर पेन्सिलीने खुणा! डायना केनेडी या बाईंचं मेक्सिकन पाककृतींचं इंग्रजी पुस्तक (पहिली आवृत्ती 1972 ची) भावाने आणून दिलं, तेव्हा मीही तेच केलं. आंचो मिरची, अॅव्होकॅडो... नंदुरबारात कुठून मिळायचं हो हे? पण त्यांची रोजची भाकरी, म्हणजे तोर्तिया, तिला लागतो फक्त मका, चुना आणि पाणी.

मका आपल्या सातपुड्यात पिकतोच. धडगावकडच्या माझ्या विद्यार्थिनींच्या घरी मक्याचीच भाकरी असते. चुना मात्र सासूबाईंच्या पानाच्या डब्यात! त्या लगेच म्हणाल्या, "काय वं, पोटमा चुना घालस का?"

"आई, मग पानातून इतकी वर्षं काय खाताय?" मी म्हटलं.

एरवी मी अशी चेष्टा केली नसती. पण दाढा गेल्यापासून त्यांची भाकरी सुटली होती. जन्मभर ज्वारी-बाजरी खाल्लेली बाई, दूधभातावर जेवण नुसतं उरकायची. ते बघवत नसे.

कृती अशी. 1 किलो वाळलेला मका, 3 लिटर पाणी, खायचा चुना 2 लहान चमचे. भिंतीचा चुना चुकूनही नको. पातेलं स्टीलचंच घ्या, चुना अॅल्युमिनियमला खातो. मंद आचेवर 30-40 मिनिटं शिजवून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी दाणे चोळचोळून 3-4 पाण्यांनी धुवा, सालं सुटून येतात. मग वाटा. मिक्सरला पाणी जास्त लागतं नि गोळा सैल होतो, पाट्यावरचं छान. मेक्सिकोतही बायका दगडी पाट्यावरच वाटत आल्या, त्याला म्हणतात मेताते. नुसत्या मक्याच्या पिठाची भाकरी कडेला चिरते, हा गोळा मात्र चिकटून राहतो. लहान पातळ भाकऱ्या थापून तव्यावर भाजायच्या नि फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, म्हणजे मऊ राहतात.

चुन्याने आणखी एक काम होतं. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेलं असतं, ते मोकळं होतं. मका युरोपात गेला, पण ही रीत मागेच राहिली. मग 18 व्या शतकात इटली-स्पेनमधल्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. शिकलेल्या वैद्यांना कळेना, ते मेक्सिकोतल्या बायकांच्या हाताला हजारो वर्षं ठाऊक होतं!

मिरचीचं काय? आंचो जाड नि सौम्य, आपली नंदुरबारची झणझणीत. मूळ दोघींचं तिकडचंच. पोर्तुगीजांनी मिरची इकडे आणली आणि आज हिवाळ्यात गावाबाहेर लाल पथाऱ्या पसरतात. मी दोनच मिरच्या बिया काढून भाजल्या, भिजवल्या, भाजलेले टोमॅटो-लसूण घालून वाटल्या. अस्सल म्हणणार नाही, चव मात्र झकास. कडक घडीचा, चीज पसरलेला टॅको ही अमेरिकेतली तऱ्हा. त्याच्या वाटेला गेलेच नाही.

सासूबाईंनी पहिली तोर्तिया डाळीत कुस्करून खाल्ली. दुसरी नुसतीच. तिसरी मागून घेतली.

आता शनिवारी रात्री चुन्याची डबी त्याच पुढे करतात. "पानपुरता ठेव," एवढं बजावून.